गुलाबाचा धडा

डोळ्याच्या ऑपरेशनआधी नर्सने थेंब घातले होते, म्हणून मुकुंदकाका बाकावर डोळे मिटून बसले होते. शेजारी शालूकाकूंच्या मांडीवर कंप्युटरवर चित्रं काढायला शिकवणारं जाडजूड पुस्तक होतं. त्यांना खेटून बसलेली शेफाली आईची तपासणी आटपायची वाट बघत, मोबाईलमध्ये डोकं घालून सगळं ऐकत होती.

"शालू, गुलाबाचा धडा वाच ना."

"इथे? लोक काय म्हणतील!"

"मला कुठे दिसतायत लोक?"

"बरं. पाकळी निवडा. कंट्रोल दाबून ठेवा आणि डी दाबा. दुसरी पाकळी तयार होईल."

काकांची बोटं गुडघ्यावर चालू लागली.

"अहो, डी डावीकडे असतो."

"जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. चुकलं की रॉकेलचा बोळा फिरवायचा, झालं. इथे चुकलं तर?"

"कंट्रोल आणि झेड. आधीचं परत येतं."

"सगळं परत येतं?"

काकूंनी पुस्तकावरून नजर काढून काकांकडे पाहिलं. शेफालीची नजर पुस्तकावर गेली. पानाच्या तळाशी नुसतं गुलाबाचं चित्र होतं.

"पुढे लिहिलंय, घाबरू नका. पट्टी सुटली की आधी फूल काढायला बसा."

"असं लिहिलंय?"

"चक्क छापलंय."

आतून नर्सने हाक मारली. "मुकुंदकाका, चला."

काकांनी चाचपडत काकूंचा हात धरला.

"शालू, हा धडा मला तोंडपाठ आहे."

"मग?"

"मग काय! ते शेवटचं परत वाच."