माझी सही भाऊजींच्या किल्लीला

छे छे, रडून नाही सुजलेत साहेब, जागरणाचे डोळे आहेत. एकाच वाक्यावर अडकून पडले होते रात्रभर — 'मी शपथेवर लिहून देते की पुरवठ्याचा संपूर्ण माल माझ्या स्वतःच्या युनिटमध्ये तयार केला जाईल, यात खोटं आढळल्यास माझ्या फर्मला काळ्या यादीत टाकण्यास माझी हरकत नाही.' हरकत नाही म्हणे! बेचाळीस पानांचं टेंडर, त्यात हे एकोणचाळिसाव्या पानावर. आणि वाचलं कधी? सही होऊन नऊ दिवस झाल्यावर. डी.एड. झालेय मी — 'मुलांनो, आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' हे शिकवण्याचं रीतसर सर्टिफिकेट आहे माझ्याकडे, कपाटात, लॅमिनेशन केलेलं. युनिटची तपासणी बसूनही होते, बसा ना. चहा टाकते. नको? अर्धा कप? बरं, राहिलं. भाऊजींनी मला तीनच गोष्टी सांगून ठेवल्यात — "वयनी, सायेब आले की च्या द्यायचा, हसायचं अन् गप बसायचं, बाकी मी हाय." चहा तुम्ही घेत नाही. हसायला मला येत नाहीये. राहिलं गप्प बसणं — ते तर मला बाळंतपणाच्या कळांमध्येसुद्धा जमलं नव्हतं, सिस्टरला विचारा.

भाऊजी म्हणजे महारुद्र भाऊजी, आमच्या ह्यांचे चुलत भाऊ, मोठे कंत्राटदार. तुम्ही ओळखत असाल — नाही? बरंय मग. ओळखत असतात ना सगळे साहेब लोक, म्हणून विचारलं. आमचं तसं साधं आहे. हे पुढे कापडाचं दुकान बघतात, आमच्या कडा गावच्या बाजाराच्या दिवशी बरं चालतं, आणि मागच्या ह्या खोलीत मी शिवते. शिक्षक भरती निघेल, निघेल म्हणत परकर-पोलक्यांपासून सुरुवात केली, मग शाळेचे ड्रेस यायला लागले. गिरिजा, डबीतली बटणं तोंडात नाही हं घालायची — ही आमची गिरिजा, साडेचार वर्षांची. फर्मचं नाव हिच्यावरूनच, गिरिजा गारमेंट्स. मीच हौसेनं ठेवलं. आता पहाटेपर्यंत तेच डोळ्यांपुढे — शाळेच्या पटावर नाव चढायच्या आधी पोर काळ्या यादीत! हसू नका साहेब. बरं, हसा. तुम्ही हसलात की जरा धीर येतो.

तर एक दिवस भाऊजी आले, इथंच उभे राहिले, म्हणाले, "वयनी, कावून अशा घरात बसून ऱ्हायल्या? गव्हर्न्मेंट सप्लायर व्हा." मला वाटलं चेष्टा करतायत. मी कसली ठेकेदार — मला रिक्षावाल्याशी भाव करता येत नाही. पण सरकारचं बघा किती सोपं असतं! उद्योगाची नोंदणी — आधार टाकलं, ओटीपी आला, कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत मी उद्योजिका. मला आपलं वाटत होतं कुणीतरी विचारेल, बाई, जमेल का तुला? कुणी नाही विचारलं. ह्यांनीही नाही. मग जीएसटी, मग पोर्टलवर नाव, मग अनामत माफ — बायकांच्या उद्योगाला माफ असते ना. भाऊजी म्हणाले, "तुमच्या नावात लई ताकद हाय वयनी." दहा वर्षं झाली लग्नाला, हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. आणि अनुभवाचा दाखला! वर्षभरात पाच हजार गणवेश शिवल्याचा दाखला आहे माझ्याकडे, शिक्क्यासकट, भाऊजींच्या ओळखीतल्या एका संस्थेचा. वर्ष कोणतं, तर गिरिजा झाली ते. अहो, त्या वर्षी मी पाटोद्याला माहेरी होते, सुईसुद्धा हातात धरू देत नव्हती आई, डोळ्यांना त्रास होतो म्हणून. आणि मी पाच हजार — हे लिहू नका हं साहेब. लिहिलंत का? नाही ना?

आणि ती सही. डिजिटल सही काढायला कॅमेऱ्यासमोर बसून नाव सांगायचं, मोबाईलवर आलेला आकडा वाचायचा, डोळे मिचकावायचे — जिवंत आहे हे कळावं म्हणून. मी आपली इस्त्रीची साडी नेसून, लग्नाला निघाल्यासारखी. ती सही पेनड्राइव्हसारख्या एका बोटभर दांडीत येते हे तुम्हाला माहीतच आहे. मला माहीत नव्हतं. ती आली ती भाऊजींच्याच पत्त्यावर. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या माझ्याकडं, पोरगी हरवंल." तेव्हापासून माझी सही भाऊजींच्या गाडीच्या किल्लीला लटकलेली असते, मागच्या दाराची किल्ली आणि त्या सोन्याच्या रंगाच्या शिवलिंगाच्या मधे. ते आष्टीला गेले की माझी सही आष्टीला. ते धाब्यावर बसले की माझी सही धाब्यावर. मी इथं भाकरी थापत असते आणि तिकडं मी काहीतरी मान्य करत असते. काय मान्य करते, ते रात्री मेसेजवर कळतं. परत मागितली का? मागितली ना. दोनदा. एकदा म्हणाले गाडी सर्व्हिसिंगला दिलीय. दुसऱ्यांदा मीच म्हणाले, राहू द्या. का म्हणाले कुणास ठाऊक. समोर माणूस हसला की मी माझं मागणं मागे घेते, जन्माची खोड आहे.

टेंडर लागल्याचा मेसेज आला तेव्हा मी अंगणवाडीच्या दारात होते. हंगामी वसतिगृहांचे ड्रेस — आईबाप ऊसतोडीला गेले की जी पोरं मागं गावात राहतात, त्यांचे, बावीसशे जोड. गिरिजा गारमेंट्स पात्र! आणि मग, साहेब, मी जी चूक केली ना — बातमी सांगितली. भाऊजींना विचारायच्या आधी गल्लीत सांगितली. छबुबाईला सांगितली. त्या बाहेर ओट्यावर हिरव्या लुगड्यातल्या बसल्यात ना, त्या. त्यांची दोन नातवंडं गेल्या वर्षी वसतिगृहातच होती. त्यांनीच दाखवली होती मला तिथली चड्डी. इलॅस्टिक आठ दिवसांत गेलेलं, पोरगं प्रार्थनेला एकाच हातानं उभं राहायचं, दुसऱ्या हातानं चड्डी. आणि शिवण इतकी कडेला की उसवून वाढवायला आत दाबलेलं जादा कापड, ज्याला आम्ही माया म्हणतो, ते सुताभरही नाही. पोर सहा महिन्यांत वाढतं हो! आई परत येते तेव्हा दंडाला शर्ट काचलेला. मी म्हटलं, आपण बोटभर माया ठेवू, कमरेला नाडी घालू. एवढंच म्हटलं. झालं, नऊ बाया तयार. छबुबाईंनी यंदा ऊसतोडीच्या मुकादमाला सांगून टाकलं — "टोळीत माझं नाव घेऊ नगंस, मला सरकारी काम लागलंय." माझ्या शब्दावर. माझ्या! जिची सही स्वतःजवळ नाही तिच्या शब्दावर. टोळीचे ट्रक परवा गेले साहेब, भरून. आता मागाहून कुणी नेत नाही.

चार दिवसांनी भाऊजी खोकं घेऊन आले. मला वाटलं धागे असतील. लेबलं होती. 'गिरिजा गारमेंट्स, कडा', बावीसशेवर थोडी जास्तच. म्हटलं, कापड कधी येतंय? तर म्हणाले, "कापड कशाला? माल तयार येतो भाईरून, बायांना लेबलं टाचायला बसवा, दोन दिवसांचं काम. शिवायचं कुनी सांगितलं तुमाला?" एकोणचाळिसाव्या पानानं सांगितलं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी बोलले असते का, देव जाणे. मी म्हटलं, बरं. बरं म्हटलं मी!

मग कळलं, तुम्ही युनिट बघायला येणार, दहा मशिनी लागतील. भाऊजी म्हणाले, "कुठूनबी गोळा करा, फोटोपुरत्या." काल दिवसभर मी तेच करत दारोदार हिंडले. हो, ह्या दहांपैकी माझी एकच, ती कोपऱ्यातली. बाकीच्या त्यांच्या. बघा की, प्रत्येकीवर वेगळ्या योजनेचा स्टिकर, वेगळ्या पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो. ज्या साली जो निवडणुकीला उभा होता त्याचा. तुम्ही आल्या आल्याच बघितलंत, मला दिसलं. पण साहेब, त्यांना फोटोपुरतं म्हणून मी नाही सांगितलं. त्यांना वाटतंय आज कामाला सुरुवात. सारजाबाईंनी मशीन डोक्यावर आणली, तेल घालून, पट्टा नवा लावून. मशिनी माझ्या नाहीत, पण खोट्या नाहीत. चालतात. ही बघा — ऐकलंत? आणि हा नमुना, कालच शिवला, बघा उलटा करून. ही माया, बोटभर ठेवलेली. ओढा, ओढा जोरात. नाडी आहे, निघत नाही.

आता तुम्ही 'मशिनी नाहीत' लिहिलंत तर मी शपथेवर खोटं बोलले — काळी यादी. 'सगळं बरोबर' लिहिलंत तर बाहेरचा माल येणार, आणि पहिल्याच धुण्यात शिवण उसवली की पुन्हा मीच — लेबलावर नाव गिरिजाचं. भाऊजींचं नाव कुठंच नाही, मी बेचाळीसही पानं शोधली. म्हणून रात्रभर विचार करून एक वाक्य काढलंय. कागदावर लिहूनच ठेवलंय, हे घ्या — 'मशिनी कामगार महिलांच्या स्वतःच्या असून माल याच ठिकाणी शिवला जाईल, व येथेच तपासूनच उचलावा.' व्याकरण बघा, तीनदा 'च' झालंय, राहू दे, तीनदाच पाहिजे. एवढं एक वाक्य तुमच्या अहवालात. एकदा सरकारी कागदावर आलं की भाऊजींना कापड आणावंच लागेल ना? लागेल. मी बोलले तर घरात भांडण, ह्यांचं तोंड वाकडं, सासूबाई जेवायच्या नाहीत. तुम्ही लिहिलंत तर तो नियम. मला शूरबिर समजू नका, मी तुमच्या पेनाआड लपतेय, स्वच्छ सांगते. आणि भाऊजींना एवढं कळू देऊ नका की मी बोलले. सांगा की बाई नुसती हसत होती.

लिहिताय ना? पेन चालत नाही का, दुसरं देऊ? कुणाला आत बोलवू का, छबुबाईंना? विचारा त्यांना काय विचारायचं ते. नको? वेळ झाला? अहो पण — कागद तुमच्याकडेच राहू दे की, परत कशाला — गिरिजा, पदर सोड. मोठी माणसं बोलताना मधे — काय? कानात नाही, साहेबांसमोर कानात बोलू नये, मोठ्यानं बोल. त्यांनाही ऐकू दे. घाबरतेस काय, चांगले काका आहेत हे. बोल.

"आई, हे काका काल पण आलते. तू मशिनी आणायला गेलतीस ना, तवा. मारुद्रकाकाच्या गाडीतून. आईला सांगू नको म्हणले."