खुडूक कोंबडी बसेना

ऐका. मधे कोणी बोलायचं नाही. ज्याला भीती वाटते त्यानं आत्ताच घरी जावं, मागाहून माझ्याकडे सोबत मागायची नाही.

तर आपल्या खालच्या वाडीतली शेवंती. नदीकडेला तिचं परडं. वांगी, मुळा, मांडवावर पडवळ, आणि कोंबड्या. त्या साली कोंबड्यांत मानमोडीची साथ आली नि वाडीतली सगळी खुराडी ओस पडली. शेवंतीची एकच कोंबडी वाचली, अंड्यांवर बसलेली. तेवढंच बियाणं उरलं म्हणा ना! आणि ऐन तिन्हीसांजेला तिलाही मुंगसानं मारलं.

शेवंतीनं अंडी घोंगडीत गुंडाळून नवऱ्याच्या, बारकूच्या, कुशीत दिली आणि टोपली घेऊन निघाली. पलीकडच्या गावात नणंदेकडे खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी होती. सकाळी का नाही गेली, म्हणता? अरे, तोवर अंडी गार पडली असती! आणि खुडूक कोंबडी हलवायची ती अंधारातच. उजेडात हलवली की बिथरते, मग बसत नाही.

जाताना नीट गेली. येताना उशीर झाला म्हणून मळीच्या, त्या नदीकाठच्या शेताच्या, बांधानं आली. तिथं चकवा आहे, वाट भुलवतो, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण जीव सगळा अंड्यांत.

चालली, चालली. बांध काही संपेना. मागं पावलं वाजायला लागली. ही थांबली की तीही थांबत. मग डोक्यावरची टोपली जड झाली, आत पाटा ठेवल्यासारखी. तरी तिनं उतरवली नाही. शहाणी बाई! खाली ठेवलं ते चकव्याचं झालं. तेवढ्यात समोर दिवा. तिचंच घर, तोच मांडव, दारात बारकू. म्हणाला, लवकर आण, गार पडतायत.

हायसं वाटलं हो तिला. आत गेली. कोपऱ्यात अंडी. कोंबडी वर ठेवायला गेली, तर ती पाय आखडून हातालाच चिकटली. अहो, खुडूक कोंबडी दगडावरसुद्धा बसते, आणि ही बसेना! शेवंतीनं दुसरा हात अंड्यांखाली घातला. गार पाणी लागलं. घर नाही, दिवा नाही. मळीच्या तुडुंब विहिरीच्या काठावर ती ओणवी झालेली.

मागून बारकूचाच आवाज आला, अगदी मायेनं.

"ठेव ना गो."

तिनं ओ दिली नाही. चकवा लागला की उजाडेपर्यंत बसून राहावं म्हणतात, पण अंडी? विहिरीचं पाणी पाटानं तिच्या परड्यात जायचं. ती पाटात उतरली. वाट भुलेल, पाणी कसं भुलेल? ते उतारालाच जाणार. वर आवाज हाका मारत होता, कधी आईच्या गळ्यानं, कधी तिच्या स्वतःच्या. हिनं मान वर केली नाही.

घरी बारकू घोंगडी पोटाशी धरून घामाघूम बसलेला. पण हाही चकवाच नसेल कशावरून? तिनं आधी अंडी टोपलीत मांडली, कोंबडी वर ठेवली. कोंबडीनं चोचीनं एकेक अंडं पोटाखाली ओढलं आणि पंख पसरून बसली. तेव्हा कुठं शेवंतीनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि रडली.

आज वाडीत आरवतात ते सगळे त्याच पिलांच्या वंशातले. म्हणून सांगतो, अंधारात मळीच्या बांधानं जाऊ नका. आणि आपलं घर फार लवकर आलं असं वाटलं, तर आत पाऊल टाकू नका.