इंग्लंडचं रान आन फर्दापूरचा मेंढा

कडुबा : तू घोरच लावून घेऊ नको, अपेक्षा. बादशा म्हंजे नुसता मेंढा नाय, शिस्त हाय शिस्त. मी ‘उभा ऱ्हा’ म्हणलं की उभा. मी माघारी जाईस्तोवर कान बी हालवायचा नाय.

अपेक्षा : कुठं उभा केलाय, नाना?

कडुबा : त्या लिंबाखाली. सायकली लावल्यात तिथं.

अपेक्षा : तिथं कोणीच नाय.

कडुबा : ...आत्ता व्हता.

अपेक्षा : नाना! अवो, मेंढा कॉलेजात आणतं का कोणी? मी आईला म्हणलं, नानाला पाठव, माझा सेमिनार ऐकायला. चुलता पाठव म्हणलं, कळप नाय!

कडुबा : तूच म्हणलीस फोनवर. पुण्याचे साहेब तपासायला येणार, लई कडक हायत, नुसतं तोंडानं बोललेलं चालत नाय, पुरावा दाखवा म्हणतात. इषय तुझा मेंढरांचा. मग पुरावा नको? फर्दापूरपून छोटा हत्ती टेम्पोत उभा करून आणलाय. सगळ्या कळपातून निवडून. पाव्हण्यापुढं मरतुकडं कशाला न्यायचं?

अपेक्षा : पुरावा म्हंजे नकाशे, आकडे! आन इषय मेंढरांचा नाय, युरोपचा आर्थिक इतिहास हाय.

कडुबा : मेंढरं हायत का नाय त्यात?

अपेक्षा : हायत.

कडुबा : मंग?

अपेक्षा : नाना, हसू नका. आज जर बिघडलं ना, तर पुण्याची एम.ए.ची जागा गेली. आमच्या कॉलेजातून एकाच नावाची शिफारस जाती. साहेब ज्याच्या कागदावर सही करतील त्यो जाणार. बाकीचे घरी.

कडुबा : तूच जाणार. आपल्या वाडीत सांगून बसलोय मी. अजिंठ्याच्या बाजारात बी सांगितलं.

अपेक्षा : बाजारात बी?

कडुबा : इंग्रजाचा हिशोब आमची पोरगी तपासती म्हणलं. खोटंय का? ...बरं, बादशा येईल. पोट भरलं की येईल.

अपेक्षा : इथं सगळी फरशी हाय, पोट भरणार कशानं? ...नाना. हॉलचं दार उघडं हाय.

कडुबा : आत काय हाय?

अपेक्षा : माझं इंग्लंड हाय.

कडुबा : म्हंजे?

अपेक्षा : टेबलावर जुनं गाव केलंय. गावाचं रान तीन पट्ट्यांत. एकीत गहू, एकीत वाटाणा, एक पडीक. आन कडंला सगळ्यांच्या जनावरांचं गायरान. वाटाणा मिळाला नाय म्हून हरभरा लावला. गव्हाच्या खऱ्या ओंब्या. गायरानाला हरळी.

कडुबा : वली?

अपेक्षा : आज सकाळी उपटलेली. आन सगळं कणकेच्या खळीनं चिकटवलंय.

कडुबा : मंग गेलं तुझं इंग्लंड.

मंजुषा : अपेक्षा! अगं अपेक्षा, हॉलमध्ये मेंढा आहे!

अपेक्षा : मॅडम, हे माझे चुलते. कडुबानाना.

मंजुषा : नमस्कार. मेंढा आहे हॉलमध्ये!

कडुबा : नमस्कार, मॅडम. आमचाच हाय. पोरगी तुमचं लई सांगती. मंजुषा मॅडम शिकवायला लागल्या की डोळ्यापुढं गाव उभं ऱ्हातं म्हणती.

मंजुषा : ते गाव आता तो खातोय, नाना! मी हाकललं तर माझ्यावरच शिंगं रोखली.

कडुबा : खाताना त्याला कोणी डिवचलेलं खपत नाय. माझं बी ऐकत नाय मंग.

अपेक्षा : किती ऱ्हायलंय, मॅडम?

मंजुषा : गहू गेला. हरभरा चालू आहे. पडीक रानाला तोंड लावलं नाही.

कडुबा : त्यात काय हाय खाण्यासारखं!

मंजुषा : आणि परीक्षक जिना चढतायत. मी सांगते त्यांना, हिला उद्याची वेळ द्या.

अपेक्षा : उद्या सर पुण्यात असतील. ...मॅडम, गायरान खाल्लं का त्यानं?

मंजुषा : ते तर सगळ्यात आधी.

अपेक्षा : आधी गायरान, मंग रान?

मंजुषा : हो. का गं?

अपेक्षा : आसंच झालं व्हतं. तिथं बी. ...नाना, त्याला काढू नका. तुम्ही नुसतं त्याच्याजवळ उभं ऱ्हावा.

(सेमिनार उरकल्यावर, त्याच व्हरांड्यात. परीक्षक, कडुबा आणि बादशा अजून आतच आहेत.)

मंजुषा : पाणी पी आधी. अगं, मी बावीस वर्षं शिकवतेय हा पेपर. कुंपणाचं प्रकरण आलं की मागची बाकं झोपतात. आज एक पोरगं जागचं हाललं नाही.

अपेक्षा : मेंढ्याला भिऊन नसतील हालली?

मंजुषा : पुढच्या बाकावरची असतील. मागची तुला ऐकत होती. ‘सर, हे गाव दहा मिनिटांपूर्वी पिकात होतं. लोकरीला भाव आला, जमीनदारानं कुंपण घातलं, मेंढी आत आली. आता तुम्हीच सांगा, ह्या गावातल्या माणसांनी जावं कुठं?’ आणि तो पठ्ठ्या नेमका तेव्हाच तुझं पुठ्ठ्याचं चर्च खायला लागला!

अपेक्षा : त्याला बी खळच व्हती.

मंजुषा : सर खुर्चीवरून उठून बघायला आले गं. ते कोणासाठी उठत नाहीत.

अपेक्षा : मी घाबरले, नाना मधीच बोलले तेव्हा.

मंजुषा : ‘आमच्या मेंढरावर आळ घेऊ नका, कुंपण माणसानं घातलं!’

अपेक्षा : त्यांला वाटलं बादशावर केस चालू हाय.

मंजुषा : पण तू काय उत्तर दिलंस! तिकडं मेंढरं आत घ्यायला कुंपण घातलं, आमच्याकडं मेंढरं बाहेर ठेवायला घालतात. दोन्हीकडं कुंपणाबाहेर माणूसच उरतो. हे पुस्तकात नाही, अपेक्षा. मीही कधी सांगितलं नव्हतं.

अपेक्षा : उन्हाळ्यात कळपामागं जाते ना मी. दरसाली एक वाट बंद झालेली असती.

मंजुषा : आणि तो रशियाचा प्रश्न. मी डोळेच मिटले होते. सर विचारतात, समजा सगळी जनावरं सामुदायिक केली, तर लोक काय करतील?

अपेक्षा : नानानं बादशाची मान आवळली.

मंजुषा : आणि तू म्हणालीस, ‘सर, नानांचे हात बघा. नुसतं ऐकूनच त्यांनी एवढं घट्ट धरलंय. तिथं तर लोकांनी सरकारला देण्यापेक्षा जनावरं कापून खाल्ली.’ टाळ्या कोणी सुरू केल्या माहीताय? सरांनी.

अपेक्षा : मॅडम, टाळ्यांचं काय नाय. सही करतील का ते?

मंजुषा : कागद पुढ्यात ठेवून आलेय. तुझं नाव त्यांनी स्वतः लिहिलं, मी बघितलं. पेन उघडंच होतं त्यांचं.

अपेक्षा : मंग एवढा येळ का लागतोय?

मंजुषा : टेबल बुटकं आहे, चष्मा काढून वाकून लिहितात ते. ...हे बघ, नाना आले. काय झालं, नाना?

कडुबा : काय नाय.

अपेक्षा : नाना, बादशा कुठंय?

कडुबा : आतच हाय. गपगार उभा हाय आता.

अपेक्षा : आता म्हंजे? आधी काय केलं त्यानं?

कडुबा : पोरी, कळपात आमचा एक नेम हाय. बादशाकडं पाठ करून कोणी वाकायचं नसतं. वाडीत लेकराला बी ठावं हाय. साहेब पुण्याचे पडले.

मंजुषा : अगं बाई! लागलं का त्यांना?

कडुबा : नाय, नाय. उठले, कपडे झटकले, हसले बी. ‘हुशार हाय तुमची पोरगी’ म्हणले.

अपेक्षा : आन सही, नाना?

कडुबा : सही झालीय. कागदावर सुरू झाली, टेबलावरून गेली, भिंतीवर संपलीय.