वीस किलो जास्त

नमिता: आजी, मी रागावणार नाही. घरी काय काय उचलता, तेवढं सांगा.

कृष्णाबाई: रिमोट.

चंदर: खरं आहे मॅडम. आईला आम्ही पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नाही. मासळीचा धंदा सोडूनच चार वर्षं झाली तिला.

कृष्णाबाई: सोडला नाय. सोडवला.

नमिता: सहा आठवड्यांपूर्वी डॉक्टर काय म्हणाले होते? गुडघ्यावरचा भार कमी करा, मांडीत जोर आणा, ऑपरेशन टळेल. मांडीत जोर आला. गुडघा मात्र आणखी झिजला. शुक्रवारी मला फिजिओथेरपीचा रिपोर्ट द्यायचाय, आणि तो असाच गेला तर ते ऑपरेशनची तारीखच देतील.

कृष्णाबाई: मी कापून घेणार नाय. माझी बहीण टेबलावर चढली, ती उतरलीच नाय.

चंदर: मॅडम, तुम्ही व्यायामच चुकीचा दिला असेल तर?

नमिता: मी ज्याला त्याला वेगळा देते. तुमच्या बँकेतल्या साहेबांना हात न टेकता खुर्चीतून उठायला शिकवतेय. मालिकेतला एक नायक येतो, त्याला फक्त कमरेच्या वरचा देते, कॅमेरा खाली जातच नाही. आजींना दिला तो सत्तरीच्या, घरी बसलेल्या बाईचा. पण मानेची ताकद मोजली, तर ती निघाली तिशीतल्या हमालाची. बसून असलेल्या बाईची मान चार वर्षं अशी टिकत नाही. आजी, त्या काळ्या पट्टीवरून परत एकदा चाला. सावकाश. हं. शहात्तर.

चंदर: काय शहात्तर?

नमिता: किलो. पट्टी पावलांखालचं वजन घेते. हॉस्पिटलच्या कागदावर छप्पन्न आहे.

चंदर: मग तुमच्या पट्टीची वाट लागलीय.

नमिता: तुम्ही चाला बरं. एक्क्याऐंशी.

चंदर: ते बरोबर आहे.

नमिता: उंचीच्या मानाने नाही, पण ते नंतर बघू. आजी येतात तेव्हा आकडे आपोआप नोंदले जातात. मी ते आज पहिल्यांदा शेजारी शेजारी लावले. सकाळी साडेनऊला आल्या तर शहात्तर. दुपारी एकला पासष्ट. संध्याकाळी पाचला छप्पन्न.

चंदर: हॉस्पिटलात आपण संध्याकाळीच गेलो होतो.

नमिता: आणि सोमवारी सकाळीसुद्धा साठच.

कृष्णाबाई: सोमवारी कोण खातंय मासळी.

चंदर: आई.

कृष्णाबाई: ती विचारते, मी सांगते. पाटी हाय माझी. सकाळी भरलेली असते, विकता विकता हलकी होते. ह्यात शिकण्यासारखं काय हाय?

नमिता: आजी, डोक्यावर काही नाहीये तुमच्या.

कृष्णाबाई: तुला नाय दिसत. तुझ्या पट्टीला दिसते. कुणाचं ऐकायचं ते तू ठरव.

नमिता: विकता म्हणजे... घेतं कोण?

कृष्णाबाई: रोजची गिऱ्हाइकं. यारी रोडचे देवव्रत वकील, त्यांना दोन पापलेट.

चंदर: वकील दोन वर्षांपूर्वी गेले गं.

कृष्णाबाई: गेले. म्हणून जेवायचे थांबले काय? उलट हल्ली घासाघीस करत नाय.

नमिता: ते घरी येतात तुमच्या?

कृष्णाबाई: गिऱ्हाईक कशाला येईल? मीच जाते. हे लोक घरी सोफ्यावर बसवतात मना, आणि माझी सगळी फेरी होते. चौथ्या माळ्यापर्यंत. मग गुडघा दुखणार नाय तर काय होणार?

नमिता: मग ती पाटी उतरवून का नाही ठेवत?

कृष्णाबाई: भरली पाटी एकटीने उतरत नाय, पोरी. चढवताना कुणीतरी हात लावायचा, उतरवताना पण लावायचा. धंदा सोडवला त्या दिवशी माझे जोडीच्या जानकीने बंदरावर चढवून दिली. ह्याच्या बिल्डिंगीच्या गेटापर्यंत आले आणि डोळ्यांपुढं अंधार. हा समोरच उभा होता, हापिसात निघालेला. मी बोलले, हात लाव.

चंदर: तू पडलीस. पाटी पडली. अख्ख्या पार्किंगमध्ये बोंबील. मी तुला रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. माझं काय चुकलं?

कृष्णाबाई: पडली ती पडली. उतरवली कुणी नाय. तू आधी वर गॅलऱ्यांकडं बघितलंस, कोण कोण उभं हाय ते.

चंदर: पाच सेकंद असतील ते.

कृष्णाबाई: मोजलेस म्हणजे.

नमिता: जानकीबाईंना बोलावता येईल का?

कृष्णाबाई: ती गेल्या पावसाळ्यात गेली. माझे मागनंच चालते आता, तिची पाटी घेऊन. तिची मी उतरवायची, माझी तिनं. दोघींचे हात वरच अडकलेत.

नमिता: मी लावते हात. म्हणजे... लावून बघू.

कृष्णाबाई: तू चांगली हायस. पण 'हात लाव' असं मी तुला बोलले नव्हते.

चंदर: मॅडम, त्या काचेच्या दाराला पडदा आहे ना? बाहेर लोक बसलेत.

नमिता: आहे. ओढते.

कृष्णाबाई: नको ओढू.

चंदर: आई, ओळखीचे आहेत गं त्यात. आमच्या विंगचा निमेश आहे.

कृष्णाबाई: हां. त्याची आई माझ्याकडनंच कोलंबी घ्यायची.

चंदर: राहू दे मॅडम. उघडंच राहू दे.

कृष्णाबाई: पट्टीवर मी उभी हाय. चंदर, तू खाली माझे पुढ्यात ये. दोन्ही हात वर. काठाला धर, तळाला नाय. आणि गुडघ्यांत वाक.

नमिता: पाठ सरळ ठेवा.

चंदर: इथे काही नाहीये आई.

कृष्णाबाई: आणखी वर. हां, तिथंच. आता मी सोडते.

नमिता: चौपन्न.

चंदर: हात ओले झाले माझे.

नमिता: छप्पन्न यायला हवं होतं.

कृष्णाबाई: दोन किलो रिकाम्या टोपलीचे. हॉस्पिटलात कुणी वजा केले नव्हते.

नमिता: आजी, खाली उतरा. चंदर, तुम्ही या पट्टीवर. हात तसेच राहू देत. एकशे तीन.

चंदर: निमेश बघतोय.

नमिता: हो.

चंदर: आई, जड आहे गं. कुठे ठेवू?

कृष्णाबाई: थांब रं जरा. मना आधी मान वळवून मागं बघू दे.