ओढा समजून लावलेला टेम्पो

शुद्धलेखनाला माफ करा, आठवीत शाळा सुटली, शब्दही साधेच... पण तुम्हाला सांगतो, समुद्राला काही रीत आहे की नाही? आमच्या पारनेरकडचा ओढा वर्षातून एकदा येतो, तोही आभाळात आधी सांगून. बाकी वर्षभर त्यात गाड्या लावतो आम्ही. आणि हा दिवसातून दोनदा येतो. कशाला? पण मला कोण विचारतं, मी बोलतच नाही.

गेलो होतो कोकणात. टेम्पो आसाराममामांचा, चालवायला मी, मागं मामी आणि रुपाली, म्हणजे मामांची मुलगी. निघतानाच ती हळूच म्हणाली, "देवळालीचं स्थळ आलंय, बागायती हाय. ह्या फेरीत आबांना माझं विचार, न्हाईतर लग्नात ऊस खायला ये."

घाटात विचारावं, तर मामांना मळमळ. राखीव जंगलाच्या फाटकाशी विचारावं, तर रखवालदार पक्ष्यांना दगड मारू नका, किल्ल्यावर नावं कोरू नका म्हणत माझ्याकडंच बघतोय. अहो, मी बोलतच नाही, कोरीन कशाला?

गाडी लावायची जागा वर उन्हात. मामांना खाली कड्याच्या सावलीत वाळू दिसली. "लाव हितं. ओढाच हाय." वाळू ओलसर वाटत होती... पण सासरा व्हायचा माणूस. मी बोलतच नाही.

मग तो चढ. काळा दगड, करवंदीचे काटे, वर पडके बुरूज, बिनछपराचं कोठार, आणि प्रत्येक खोलीत मामी विचारणार, चूल कुठं असंल गं? जुन्या दीपगृहापाशी मामा एकटे सापडले. मी घसा साफ केला.

"मामा..."

"काय रं?"

"मामा... टेम्पो."

खाली चाकं बुडाली होती. रखवालदार ओरडला, गाडी कुणी लावली? मामा माझ्याकडं बघायला लागले, अगदी केविलवाणे. मी मान खाली घालून हात वर केला.

कोळ्यांनी दोर लावून टेम्पो ओढला. आळेफाटा आला. मग मामा मामीला म्हणाले, "जावई असाच पायजे. बोलत न्हाई."

मागून रुपाली म्हणाली, "आबा, पण त्यानं विचारलं कुठं?"

"तो कशाचा विचारतोय," मामा म्हणाले. "मीच ठरवलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेम्पोचा खार धूत होतो. रुपाली भरली बादली घेऊन समोर उभी. "आता तरी काय बोलशील?"

खूप होतं हो मनात. म्हणालो, "पत्रा गंजंल. चाकावर वत."

तिनं अख्खी बादली माझ्या डोक्यावर ओतली. आमच्याकडं, भर उन्हाळ्यात, अख्खी बादली... एवढा जीव कोण लावतं? मी नुसता चाकावर वाकून उभा राहिलो, निथळलेलं तरी वाया जाऊ नये म्हणून.