सूनबाईची खोली

हसू नका, पण हे झालं खरं. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, म्हणून आम्ही तो घरातच भरून ठेवला होता. माझी सून तेव्हा मुक्त विद्यापीठातून घरं अन् वस्त्या कशा असाव्या, ह्याची डिग्री करत होती. तिला शिकवणाऱ्या मॅडम एकदा घरी आल्या.

मी ऐटीत म्हणालो, "सूनबाई पुऱ्या गावाले सांगते, मॅडम, माणसाले हवेशीर खोली पाहिजे!"

"हिची खोली कोणती?" मॅडमनी विचारलं.

मी दार ढकललं. आत आढ्यापर्यंत कापूस.

"मग ही अभ्यासाला कुठे बसते?"

"कापसाच्या बाजूले जागा हाये नं, मॅडम. मऊ लागते," सून हसून म्हणाली अन् कापसानं पुरळ आलेला दंड पदराखाली खाजवत राहिली.

जन्मात चुलीपुढं न बसलेला मी, चहा ठेवतो म्हणून आत पळालो.