चांगल्या दिवसांचं सांगा

मंडळी, नमस्कार. मॅडमच्या शोकसभेला एवढी माणसं आल्यात. मी कवा माईकवर बोलले न्हाई. त्यात डॉक्टर मॅडमबद्दल बोलायचं म्हंजे लयच अवघड. गेलेल्या माणसाबद्दल सगळे चांगलं बोलत्यात, आणि मी तर मॅडमवर जळायची. व्हय, जळायची.

मी सुनंदा, वाईकडची. आमच्या मालकांचं पाण्याच्या मोटारी भरायचं, म्हंजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान हाय. ते बघा, तिसऱ्या रांगंत बसल्यात. त्यांना इचारूनच बोलतीय.

महिना महिना हे आंथरुणात पडून. तोंड भिंतीकडं. जेवण न्हाई, बोलणं न्हाई. गावाकडं उदासीच्या गोळ्या दिल्या. त्यानं उठले, ते असे उठले की झोपायचंच इसरले. मग कुणीतरी मिरजेच्या मनाच्या डॉक्टरचं, मॅडमचं नाव सांगितलं.

मॅडमनी मला काय इचारलं म्हाईत हाय? "ताई, ह्यांच्या चांगल्या दिवसांचं सांगा."

मी लय हौसेनं सांगितलं. "आवं मॅडम, चांगले असले की ह्यांच्यासारखा माणूस न्हाई! डोळ्याला डोळा न लावता मोटारी भरत्यात. गाणी म्हणत्यात. सगळ्या आळीला मटणाचं जेवान घालत्यात. दुकान उघडं टाकून मला फटफटीवर पाचगणीला नेत्यात." मी हसत व्हते. मॅडम हसत न्हवत्या.

मग म्हणाल्या, "नुसत्या उदासीचा पेशंट आणि हे, पडल्यावर दोघं सारखेच दिसतात. फरक कळतो तो उठल्यावर. ताई, हे चांगले दिवससुद्धा आजारच आहेत."

मंडळी, काय वाटलं असंल मला? ज्या माणसावर मी भाळले, तो आजार? पाचगणीची फटफटी, ती पण आजार? ह्या बाईनं औषध दिलं, आणि माझ्या संसारातली गाणीच बंद झाली.

वर आमचे मालक सगळं तिलाच सांगाय लागले. मिरजेला जायचं म्हटलं की इस्त्रीचा शर्ट. माझ्यासंगं बाजारात यायचं तर बनियनवर! ह्यांच्या मनात मरायचा इचार येतो, हे मला मॅडमसमोर बसून कळलं. वीस वर्षं संसार केलेल्या बायकोला! अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

एकदा तोंडावर इचारलं, "तुमच्याशी बोलत्यात, मग माझ्याशी का न्हाई?"

मॅडम म्हणाल्या, "मी ऐकताना रडत नाही म्हणून. तुम्ही रडाल ह्या भीतीनं ते गप्प बसतात."

लय राग आला. खरं बोलल्या, त्याचाच राग.

परवा मॅडम गेल्याचा फोन आला. आता मालक मनातलं कुणाला सांगणार? पुन्यांदा भिंतीकडं तोंड करणार का?

आज सकाळी चहा पिताना मालकांनी हाक मारली. "सुनंदा, दोन रात्री झोप न्हाई. पण थकवाबी न्हाई. गाणी म्हणावीशी वाटत्यात. हे बरं लक्षण न्हवं. तुला सांगतोय."

मला सांगितलं, मंडळी. मला!

मी रडले न्हाई. इचारलं, "गोळ्या चुकल्या का?" ही सभा झाली की मॅडमच्या दवाखान्यात जे दुसरे डॉक्टर बसत्यात, त्यांच्याकडं आमी दोघं लगेच जाणार हाय.

मॅडम, जे तुमच्याकडनं हिसकावून घ्यायचं व्हतं, ते आज मिळालं. कुणाला दाखवू? ज्यांना दाखवून मिरवायचं व्हतं, त्या तुमीच न्हाई.

चला, उभं राहूया. जरा वेळ गप राहूया. आणि ज्यांना रडू येतंय त्यांनी मागनं रडा. मॅडमसमोर बसून कुणी काय सांगितलं, तर त्या रडत न्हवत्या.